बॅकलिंक विकत घ्याव्यात का? ब्लॉग चालवणाऱ्या शिक्षकांनी समजून घ्यायच्या काही गोष्टी



आपल्यापैकी बरेच जण शैक्षणिक ब्लॉग चालवतात. कोणी पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका टाकतं, कोणी निबंध, कोणी शासन निर्णय एका ठिकाणी जमवून ठेवतं. ब्लॉग थोडा जुना झाला, रोजचे शंभर-दोनशे वाचक यायला लागले, की दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. पहिला असा : "सर, तुमचा ब्लॉग गुगलच्या पहिल्या पानावर आणून देतो. ५०० बॅकलिंक, फक्त दीड हजारात." दुसरा बरोबर उलटा : "मॅडम, तुमच्या ब्लॉगवर आमचा एक लेख टाका. त्यात आमची एक लिंक असेल. त्याचे पैसे देऊ."

माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाने पहिल्या मेसेजला होकार दिला. त्यांचा ब्लॉग शिष्यवृत्तीच्या सराव पेपरांचा, आणि खरंच मेहनतीने केलेला. पहिले दोन महिने काही फरक पडला नाही. मग परीक्षेच्या तोंडावर, म्हणजे पालक सर्वात जास्त शोधतात त्याच दिवसांत, वाचक एकदम कमी झाले. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहिलं तर सूचना येऊन पडलेली : तुमच्या साइटकडे अनैसर्गिक लिंक येत आहेत. पैसे घेणारा माणूस तोवर फोन उचलेनासा झाला होता.

म्हणून आज हा विषय घेतला आहे. बॅकलिंक म्हणजे काय, ती विकत घेतल्याने नेमकं काय बिघडतं, मोठमोठ्या कंपन्यांचं काय झालं आणि आपण काय करावं, हे क्रमाने पाहू.

१) बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्या कोणाच्या साइटवरून आपल्या साइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. तुम्ही अपूर्णांकांवर छान लेख लिहिला, तो दुसऱ्या शिक्षिकेला आवडला आणि तिने आपल्या ब्लॉगवर लिहिलं की अपूर्णांक समजावून घ्यायचे असतील तर हा लेख वाचा. तिने दिलेली ती लिंक तुमच्यासाठी बॅकलिंक झाली.

आता गुगलला त्याचं एवढं काय? तर गुगलचा पायाच या कल्पनेवर उभा आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी शोधयंत्रावर काम करत होते. त्याआधीची शोधयंत्रं मुख्यतः पानावर कोणता शब्द किती वेळा आला हे बघायची. त्यामुळे एखाद्याने पानावर तोच शब्द शंभर वेळा लिहिला तरी ते पान वर यायचं. या दोघांनी वेगळा विचार केला. इतर लोक कोणत्या पानाकडे बोट दाखवतात ते मोजायचं. या पद्धतीला त्यांनी 'पेजरँक' हे नाव दिलं. आज गुगल इतरही खूप गोष्टी पाहतं, पण लिंक अजूनही त्यात आहेत.

२) वर्गात करून पाहा

पेजरँक समजावून सांगायला एक सोपा उपक्रम आहे. सहावी ते आठवीच्या वर्गात सहज होतो.

वर्गात ३० मुलं आहेत असं धरू. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि विचारा, "गणित अडलं तर तू वर्गातल्या कोणाला विचारशील?" एकच नाव लिहायचं, खाली स्वतःचंही नाव लिहायचं. चिठ्ठ्या मोजा. समजा सानियाला ८ आल्या आणि ओंकारलाही ८. दोघं सारखेच का? आता चिठ्ठ्या कोणी लिहिल्या ते बघा. सानियाचं नाव लिहिणाऱ्यांत अशी दोन मुलं निघाली, ज्यांना स्वतःलाच पाच-पाच चिठ्ठ्या आल्या आहेत. ओंकारचं नाव लिहिणाऱ्यांपैकी कोणालाच एकही चिठ्ठी नाही. म्हणजे गणित जमणाऱ्या मुलांनाही अडलं की ती सानियाकडे जातात. तिच्या चिठ्ठ्यांचं वजन जास्त धरायला हवं. पेजरँक ढोबळमानाने हेच करतो. लिंक किती आल्या एवढंच बघत नाही, कोणाकडून आल्या तेही बघतो.

आता मुलांना पुढचा प्रश्न विचारा. पुढच्या फेरीआधी एकाने मधल्या सुट्टीत चॉकलेट वाटली आणि त्याला १२ चिठ्ठ्या आल्या, तर काय होईल? मुलं बरोबर सांगतात. दुसऱ्या दिवशी ज्याला गणित अडलंय तो त्या मुलाकडे जाईल आणि तसाच परत येईल.

विकत घेतलेली लिंक म्हणजे ही चॉकलेटवाली चिठ्ठी. ती दिसायला खऱ्या चिठ्ठीसारखीच असते, पण फसतो तो उत्तर शोधणारा. आपल्या बाबतीत तो उत्तर शोधणारा म्हणजे रात्री दहा वाजता मोबाईलवर 'चौथी भूमिती सराव' शोधणारा पालक असतो. गुगल अशा लिंकना विरोध का करतं, याचं कारण इथेच आहे.

३) कोणत्या लिंक 'विकतच्या' धरल्या जातात?

फक्त रोख पैसे दिले तरच ती विकतची, असं नाही. गुगलच्या नियमांनुसार शोधातला क्रमांक वाढवण्याच्या हेतूने केलेले हे सगळे प्रकार चुकीचे ठरतात :

• लिंकसाठी किंवा लिंक असलेल्या लेखासाठी पैसे देणं-घेणं.
• लिंकच्या बदल्यात वस्तू, सेवा किंवा सवलत देणं.
• "तू माझी लाव, मी तुझी लावतो" अशी मोठ्या प्रमाणावर अदलाबदल.
• एकाच माणसाने पन्नास-शंभर नावापुरत्या साइट काढून त्या सगळ्यांवरून लिंक देणं.
• प्रोग्रॅम चालवून अनोळखी साइटवर आपोआप लिंक टाकत सुटणं.

जाहिरात करायला मात्र बंदी नाही. पैसे घेऊन लिंक लावली असेल तर तसं लिंकच्या कोडमध्ये सांगायचं असतं. त्यासाठी 'नोफॉलो' ही खूण २००५ पासून आहे आणि 'स्पॉन्सर्ड' ही खूण २०१९ मध्ये आली. ही खूण केली की गुगलला कळतं, ही शिफारस नाही, जाहिरात आहे. वाचक लिंकवर जाऊ शकतो, पण ती मत म्हणून मोजली जात नाही. लिंक विकणारे लोक नेमकं हेच टाळायला सांगतात. "डू-फॉलो हवी" असं ते म्हणतात, त्याचा अर्थ ही खूण करू नका.

४) मोठ्या कंपन्यांचं काय झालं?

अमेरिकेत जेसी पेनी नावाची मोठी दुकानसाखळी आहे. २०१० च्या अखेरीला, म्हणजे नाताळच्या खरेदीच्या हंगामात, कपडे, चादरी, गालिचे असं काहीही गुगलवर शोधलं की ही कंपनी अगदी वर यायची. न्यूयॉर्क टाइम्सने एका जाणकाराकडून याचा शोध घेतला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये बातमी छापली. कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या शेकडो साइटवरून या कंपनीकडे लिंक जात होत्या. फक्त वेगवेगळ्या प्रकारच्या ड्रेसची नावं असलेल्या लिंकच २,०१५ पानांवर सापडल्या.

गुगलने कारवाई केली. वृत्तपत्राने ५९ शब्दांवर लक्ष ठेवलं होतं. १ फेब्रुवारीला या शब्दांवर कंपनीचा सरासरी क्रमांक १.३ होता, १० फेब्रुवारीला तो ५२ झाला. पहिल्या पानावर साधारण दहा निकाल असतात. म्हणजे कंपनी थेट सहाव्या पानावर गेली. तिथपर्यंत कोण जातं? या लिंकना आपली परवानगी नव्हती असं कंपनीने सांगितलं आणि शोधाचं काम बघणाऱ्या एजन्सीला काढून टाकलं. पण शिक्षा साइटलाच भोगावी लागली. ती सुमारे तीन महिने चालली.

त्याच महिन्यात ओव्हरस्टॉक या अमेरिकन ऑनलाइन दुकानाचं प्रकरण निघालं. हे आपल्याशी जास्त जवळचं आहे. विद्यापीठांच्या साइटना गुगलच्या लेखी चांगलं वजन असतं, कारण त्यांच्याकडे बरेच लोक लिंक करतात. ओव्हरस्टॉकने महाविद्यालयांच्या साइटवर आपली लिंक लावून घेतली आणि बदल्यात तिथल्या विद्यार्थ्यांना व कर्मचाऱ्यांना १० टक्के सवलत दिली. रोख पैसे कुठेच नव्हते, तरी गुगलने ती खरेदीच मानली आणि दुकान शोधात खाली गेलं. शैक्षणिक साइटच्या शब्दाला किंमत असते म्हणूनच बाजार तिच्याकडे येतो, हे आपण लक्षात ठेवायला हवं.

तिसरं उदाहरण इंग्लंडचं. इंटरफ्लोरा ही फुलं पोचवणारी नावाजलेली कंपनी. तिने छोट्या-छोट्या स्थानिक वृत्तपत्रांच्या साइटवर पैसे देऊन लेख छापले होते आणि त्यात लिंक होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती गुगलवरून इतकी गायब झाली, की स्वतः कंपनीचं नाव टाकलं तरी तिची साइट वर येईना. तिकडचा मातृदिन अगदी तोंडावर होता. ११ दिवसांनी साइट परत दिसू लागली. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ज्या वृत्तपत्रांनी ते लेख छापले, त्यांचाही पेजरँक खाली आणला गेला. म्हणजे घेणाऱ्याबरोबर विकणाराही अडकला.

आणि गुगल स्वतःला सोडतं का? २०१२ च्या जानेवारीत क्रोम ब्राउझरच्या जाहिरात मोहिमेतल्या पैसे देऊन लिहून घेतलेल्या एका लेखात खूण न केलेली लिंक सापडली. तेव्हा गुगलने क्रोमचंच पान किमान ६० दिवसांसाठी खाली ढकललं.

५) आता शिक्षा कशी होते?

दोन प्रकारे होते.

पहिला प्रकार आपोआप होणारा. २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल आणला. तो खोट्या लिंक ओळखून साइटला खाली न्यायचा. २०१६ पासून तो सतत चालू असतो आणि बहुतेक वेळा साइटला खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकची किंमतच शून्य धरतो. डिसेंबर २०२२ मध्ये गुगलने लिंक विकत घेणाऱ्या आणि केवळ लिंक विकण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या साइट ओळखायला 'स्पॅमब्रेन' ही यंत्रणा वापरायला सुरुवात केली. या प्रकारात आपल्याला काहीही कळवलं जात नाही. लिंकमुळे थोडंफार वर गेलो असू तर ते निघून जातं आणि परत मिळत नाही. दिलेले पैसे वाया.

दुसरा प्रकार म्हणजे गुगलच्या माणसाने साइट तपासून केलेली कारवाई. तिला 'मॅन्युअल ॲक्शन' म्हणतात. ती सर्च कन्सोलमध्ये दिसते. त्यातून बाहेर यायचं तर आलेल्या लिंकची यादी काढायची, प्रत्येक साइटवाल्याला "लिंक काढा" म्हणून लिहायचं, जे काढत नाहीत त्यांची नावं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घालून गुगलला द्यायची (ही सोय ऑक्टोबर २०१२ पासून आहे) आणि मग फेरविचाराचा अर्ज करायचा. काही साइटवाले तर लिंक काढायलाही पैसे मागतात. ज्या शिक्षकाचा अनुभव सुरुवातीला सांगितला, त्यांची उन्हाळ्याची सुट्टी या कामात गेली. लिंक विकणाऱ्याचं यात काहीच जात नाही. तो तोवर पुढच्या ब्लॉगरला मेसेज करत असतो.

एक सूचना. आपण काही विकत घेतलेलं नसताना कुठल्यातरी विचित्र साइटवरून लिंक आलेली दिसली तर घाबरू नका. जवळपास प्रत्येक साइटकडे अशा लिंक येतात आणि गुगल त्या बहुतेक वेळा सोडून देतं. ती यादी देण्याची सोय बहुतेकांना वापरावी लागत नाही, असं गुगल स्वतःच सांगतं.

६) 'डीए' च्या आकड्याला भुलू नका

विकणारे सांगतात, "सर, डीए ५० वाल्या साइटवरून लिंक देतो." डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी. हा १ ते १०० मधला आकडा मॉझ नावाची खाजगी कंपनी स्वतःच्या अंदाजाने काढते. तो गुगलचा आकडा नाही आणि गुगल तो वापरत नाही. शिवाय तो फुगवताही येतो. एखाद्या क्लासने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र आणि बोर्डाचा निकाल यात जो फरक आहे, तोच इथे आहे.

"१०० टक्के पहिला क्रमांक देतो" अशी हमी देणाऱ्यापासूनही लांब राहा. गुगलच्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही.

७) आपल्याकडे लिंक विकत मागायला आले तर?

शिक्षकांच्या ब्लॉगला हा धोका जास्त आहे, कारण इथे पैसे आपल्या हातात येणार असतात. "एक लेख टाकला तर काय बिघडलं," असं वाटतं. ती लिंक उघडून बघा. बऱ्याचदा ती झटपट कर्जाच्या ॲपची, 'घरबसल्या कमवा' वाल्यांची किंवा पैसे लावून खेळायच्या खेळांची असते. आपला ब्लॉग मुलं वाचतात. पालक शिक्षकांवर विश्वास ठेवून मोबाईल मुलाच्या हातात देतात. गणिताच्या पानावरून मूल सट्ट्याच्या पानावर पोचलं तर त्याला उत्तर आपल्यालाच द्यावं लागेल.

कायद्याचाही प्रश्न आहे. जून २०२२ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिराती करू नयेत असं कळवलं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायदा केला. त्यात अशा खेळांची जाहिरात करण्यालाही मनाई आहे. आपण शासकीय किंवा अनुदानित शाळेत असू तर सेवानियमही आहेत. ब्लॉगवरून कसलंही उत्पन्न घेण्याआधी ते तपासून घ्यावेत.

खरीखुरी, चांगली जाहिरात आली, उदाहरणार्थ एखाद्या पुस्तकाच्या दुकानाची, आणि नियमात बसत असेल, तर वर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहा आणि लिंकला 'नोफॉलो' किंवा 'स्पॉन्सर्ड' ची खूण करा. खूण करायला समोरचा नाही म्हणाला, तर त्याला काय हवं होतं ते कळलंच.

८) मग ब्लॉग वर आणायचा कसा?

यात जादू नाही, पण या गोष्टींचा उपयोग होतो :

• लोक जे शब्द टाइप करतात तेच शीर्षकात घ्या. 'ज्ञानाची गुरुकिल्ली भाग ३' असं कोणी शोधत नाही. 'पाचवी शिष्यवृत्ती गणित सराव पेपर उत्तरांसह' असं शोधतात.
• मजकूर फोटोत किंवा नुसत्या पीडीएफमध्ये ठेवू नका. पानावर मराठीत चार-पाच ओळी लिहा, यात काय आहे, कोणत्या इयत्तेचं आहे.
• संबंधित पोस्ट एकमेकींना जोडा. अपूर्णांकांची बेरीज शिकवणाऱ्या पोस्टमध्ये समच्छेद अपूर्णांकांच्या पोस्टची लिंक हवीच.
• दुसऱ्यांचं चांगलं असेल तर मनापासून लिंक द्या. खऱ्या शिफारशी अशाच सुरू होतात.
• कॉपी-पेस्ट टाळा. एकच शासन निर्णय शंभर ब्लॉगवर असतो. तुम्ही त्यातलं शिक्षकाच्या कामाचं काय, ते दहा ओळींत लिहा. लोक तुमच्याकडे लिंक करतील.
• महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा. ते मोफत आहे. लोक काय शोधून आपल्याकडे आले ते तिथे दिसतं.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेली लिंक गुगल मत म्हणून मोजत नाही, पण वाचक येतात. त्यांतल्या एखाद्याला आवडलं तर तो स्वतःच्या ब्लॉगवर लिंक देतो. याला वेळ लागतो हे खरं आहे. माझ्या ब्लॉगला पहिलं वर्षभर घरच्यांशिवाय फारसं कोणी वाचक नव्हतं.

शेवटी एवढंच सांगते. आपण परीक्षेत मुलांना कॉपी करू देत नाही, कारण त्या गुणांवरून पुढच्या शिक्षकाला मूल कुठे आहे तेच कळत नाही. विकतच्या लिंकचंही तसंच आहे. मराठीत शालेय मजकूर आधीच कमी आहे. त्यात चांगला ब्लॉग अशा चुकीमुळे शोधातून नाहीसा झाला, तर कोणत्या तरी गावातलं मूल त्या सराव पेपरापर्यंत पोचणार नाही. म्हणून तो दीड हजाराचा मेसेज आला तर सरळ डिलीट करा, आणि नवीन ब्लॉग सुरू करणाऱ्या सहकाऱ्यांनाही हे नक्की सांगा.